शालू आणि शाळू

माण तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीच्या वह्या चाळत बसले होते. निबंधाचा विषय नेहमीचा, ‘माझा आवडता ऋतू’. अकरापैकी नऊ जणांना पावसाळा आवडत होता. नऊच्या नऊ वह्यांत धरणीमाता हिरवा शालू नेसली होती, नद्या-नाले दुथडी भरून वाहत होते आणि मोर पिसारा फुलवून नाचत होते. खिडकीबाहेर जुलैचा शेवटचा आठवडा होता. बांधावर बाभळी, समोर उघडा माळ, ओढ्यात कोरडी वाळू.

मुलांनी खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. त्यांना सांगितलं तसं त्यांनी लिहिलं, आणि त्यांच्या वर्गाच्या बाईंनी स्वतः लहानपणी जो निबंध पाठ केला होता तोच पुढे दिला. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपण डोळ्यांनी पाहतो ते वहीत लिहिण्याजोगं नसतं, हे ही मुलं नवव्या-दहाव्या वर्षीच शिकली होती.

तिसरीचं ‘परिसर अभ्यास’ बालभारती जिल्हावार काढत आली आहे. परिसर म्हणजे आपला परिसर, ही जाण त्यामागे आहे आणि ती मोलाची आहे. पण सातारा जिल्ह्याचंच बघा. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, पर्जन्यछायेतल्या माणमध्ये ५०० च्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. निबंधातला पाऊस घाटमाथ्याचा आणि कोकणातला आहे. माणच्या मुलाचा पाऊस कुठल्याच निबंधात नाही.

त्याच्या रानात शालूपेक्षा शाळू मोठा. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या पावसावर पेरायची, पुढे जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर वाढवायची. त्यासाठी पाऊस किती पडला याइतकंच, ओल किती खोल गेली हेही बघावं लागतं. मी वर्गात विचारलं, “पाऊस पडून गेला की लगेच पेरतात का?” इतका वेळ गप्प बसलेली मागची दोन पोरं एकदम बोलली, “न्हाय बाई, वापसा आल्यावर!” वाफसा म्हणजे काय, हे त्यांनी मला मूठभर माती हातात घेऊन दाखवलं. माती दाबली तर गोळा व्हावा, सोडली तर फुटावा. चिखल नको, ढेकूळ नको. मातीतलं पाणी आणि हवा यांचं हे नातं पुस्तकातून समजवायला मला दोन तास लागले असते.

एका वहीत मात्र एक वाक्य वेगळं होतं. ‘ढगं आली पन पडलं न्हाय.’ त्यावर लाल शाईच्या तीन खुणा होत्या. शुद्धलेखन शिकवायलाच हवं, माझा त्याला विरोध नाही. पण त्या नऊ वह्यांत पाहून लिहिलेलं तेवढं एकच वाक्य होतं, आणि खुणाही त्यालाच सर्वांत जास्त मिळाल्या. मुलांनी रोजचं हवामान टिपायला एक वही ठेवावी आणि त्या वहीत लाल पेन उघडू नये, एवढं माझं शिक्षकांकडे मागणं आहे. ती वही निबंधाच्या वहीपासून वेगळी ठेवा. प्रमाण भाषा तिच्या जागी शिकवा, इथे मुलाला आधी नीट बघू द्या.

त्या दिवशी आम्ही पर्जन्यमापक केला. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घेतली, वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं झालं. तळ खडबडीत असतो, म्हणून खडे टाकून वर थोडं पाणी ओतलं आणि त्या पातळीला शून्याची खूण केली. तिथून वर मोजपट्टी. वेधशाळेत पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, शाळेनेही रोज एकच ठरलेली वेळ धरली की झालं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. हे कळल्यावर मुलांनी आपणहून वर्गाचं छप्पर मोजायला घेतलं. ५० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पडला तर ५०० लिटर. “एवढं पाणी वाया जातं?” हा प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायात नव्हता.

बाईंची एक अडचण होती. पाऊस पडलाच नाही तर त्या दिवशी लिहायचं काय? शून्य लिहायचं. कोरी जागा ठेवली तर कुणी पाहिलं नाही असा अर्थ होतो, शून्य लिहिलं तर कुणीतरी पाहिलं आणि पाऊस नव्हता. अवर्षणाच्या प्रदेशातल्या मुलासाठी तर ते शून्य फार मोलाचं आहे, कारण त्याच्या घरातली बोलणी, उसनवारी, दावणीचा चारा, सगळं त्या शून्यावर फिरतं.

शिकणं मुलाच्या स्वतःच्या परिसरातून सुरू होतं, हे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कितीतरी आधी ओळखलं होतं. आदिवासी मुलं गुरांमागे रानात, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. पानं, बिया, दगड, शंख-शिंपले हीच त्यांची साधनं. ते काम आज आपण पुरस्कारांच्या यादीत वाचतो. वर्गात मात्र पान चिकटवायच्या उपक्रमासाठी दुकानातून चित्रांचा तक्ता आणतो. याचा मला मनापासून राग येतो.

पंधरा दिवसांनी बाईंनी नव्या वहीची पानं मोबाइलवर पाठवली. ‘० मिमी. वारं लई.’ ‘० मिमी. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्या.’ ‘२ मिमी. आजी म्हणती म्हातारा पाऊस सरला, आता आश्लेषा.’ ‘० मिमी. दादांनी कुदळीनं उकरलं. बोटभर ओल.’ ही शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मोर नाही, शालू नाही. एक बाप उकरतो आहे आणि मूल शेजारी उभं राहून मोजतं आहे.

उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमाराला लागेल. बाटली ध्वजाच्या ओट्याजवळ खांबाला बांधली आहे, आणि वहीची बरीच पानं अजून कोरी आहेत.