एक श्वापद, अनेक रूपें

एका वाचक भगिनीनें गेल्या महिन्यांत आम्हांस पत्र पाठवून तक्रार केली आहे. सुट्टींत घरांतील चुलतभावंडें एकत्र जमलीं कीं एका व्हिडिओ गेमवरून तासन्‌तास भांडतात. आणि भांडण तरी कसलें, तर निळा राथालोस ही स्वतंत्र जाति कीं तांबड्याचीच उपजाति! असल्या काल्पनिक श्वापदांच्या वंशावळींत मुलांचें डोकें खर्ची पडावें काय, असा त्यांचा प्रश्न आहे. उत्तर लिहिण्यापूर्वीं आम्हीं आमच्या पुतण्यास गुरु केलें आणि चार रविवार त्याच्या शेजारीं बसून हा खेळ पाहिला. वाद वाटतो तितका पोरकट नाहीं.

खेळाचें नांव 'मॉन्स्टर हंटर'. जपानांत ओसाका येथें असलेल्या कॅपकॉम कंपनीनें तो २००४ सालीं प्रथम काढला, आणि तेव्हांपासून त्याचीं अनेक पर्वें निघालीं आहेत. खेळणारा हा शिकारी. रानांत, वाळवंटांत, बर्फांत अजस्र पशूंचा माग काढावयाचा, त्यांना लोळवावयाचें किंवा जिवंत धरावयाचें, आणि त्यांच्या खवल्यांचीं व हाडांचीं शस्त्रें-चिलखतें करावयाचीं. या पशूंत राथालोस व राथियन हें पंखांचें जोडपें अग्रगण्य. नर तांबडा, आकाशाचा धनी. मादी हिरवी, बहुधा जमिनीवर वावरणारी, शेपटींत विष बाळगणारी. पुढें नराचें निळें व मादीचें गुलाबी रूप आलें. त्यांवर ताण म्हणून रुपेरी नर आणि सोनेरी मादी. जपानी भाषेंत पहिल्या जोडीला 'अशु' म्हणजे उपजाति म्हणतात, दुसरीला 'किशोशु' म्हणजे दुर्मिळ जाति.

यांत धंद्याचा हिशेब आहेच. नवा पशु घडवावयाचा म्हणजे सांगाडा, चाल, झडप सारेंच नव्यानें करावें लागतें. जुन्या सांगाड्यावर नवा रंग चढविला कीं थोडक्यांत भागतें. जुनें लुगडें रंगवून नवें म्हणून नेसावें, त्यांतलाच हा प्रकार! पण रंगाबरोबर त्याचें कारणही दिलें गेलें कीं गोष्ट पालटते. पुकेई-पुकेई नांवाचा प्राणी विषारी वनस्पती खाऊन तेंच विष शत्रूवर ओकतो. २०१९ च्या 'आइसबोर्न' या पुरवणी-पर्वांत त्याचा एक भाऊबंद आला. तो पोंवळ्यांच्या पठारावर राहतो. तेथें तो विषाऐवजीं अंगांत पाणी सांठवतो आणि शेपटींतून त्याचा लोट सोडतो. टोबी-कडाची हा प्राणी झाडांना अंग घासून केसाळ कातडींत वीज सांठवणारा. त्याचा बर्फाळ प्रदेशांतील आप्त विजेऐवजीं विषारी कांटे वापरतो. जेथें जें मिळालें त्यावर ज्यानें त्यानें निभावून नेलें.

खऱ्या प्राणिशास्त्रांत नुसत्या रंगावरून उपजाति ठरत नाहीं. काळा बिबळ्या ही निराळी जात नव्हे. एका जनुकीय फरकामुळें तो काळा होतो, आणि एकाच वेतांत ठिपक्यांचें व काळें अशीं दोन्ही पिलें निपजूं शकतात. तिरप्या उजेडांत पाहिलें तर काळ्याच्या अंगावरही ठिपके दिसतात. उपजाति म्हणावयास निराळा मुलूख आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा दुरावा लागतो. एवढें सांगून आम्हीं पुतण्यास विचारलें, "तुझा निळा राहतो कोठें? तांबड्याच्याच रानांत कीं दुसरीकडे?" तो तत्काळ वही काढून बसला. गणिताला अशी वही निघालेली आम्हीं तरी पाहिली नाहीं.

कांहीं रूपें मात्र जातीचीं नसून एकेका जिवाचीं आहेत. डेव्हिलजो नांवाच्या पशूला सदा खात राहावें लागतें. त्याची भूक हाताबाहेर गेली कीं त्याचें जें रूप होतें त्याला शिकारी वेगळें नांव देतात. यान गारुगा या पक्ष्याचा एक घायाळ अवतार आहे: डोळा अधू, कान तुटके, आणि म्हणूनच अधिक धोक्याचा. २०१५ सालच्या पर्वांत तर अनेक झुंजींतून जगून-वांचून निराळ्याच वाढीस लागलेल्या श्वापदांना शिकारी संघानें पदव्या दिल्या आहेत. हें आपणांस अपरिचित नाहीं. जिम कॉर्बेट यांनीं १९०७ सालीं मारलेली चंपावतची वाघीण गांवाच्या नांवानें ओळखली जाते. तिचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे पूर्वीं कोणाच्या तरी गोळीनें मोडले होते, आणि त्यामुळेंच ती माणसांकडे वळली, असें त्यांचें मत होतें.

आम्हांस सर्वांत जास्त विचारांत पाडलें तें काळ्या डायाब्लोसनें. डायाब्लोस हा वाळवंटांतील दोन शिंगांचा पशु. वाळूखालून येऊन धडक देतो, पण खातो निवडुंग! त्याचें काळें रूप इतरांपेक्षां कितीतरी रागीट, म्हणून नवशिके तिला उपजातिच समजतात. वस्तुतः ती विणीच्या दिवसांतील मादी. काळें कवच हा इतरांस इशारा, कीं जवळ येऊं नका. पुतण्यानें हें मोठ्या फुशारकीनें सांगितलें तेव्हां आमची धाकटी पुतणी तेथेंच दाणे सोलीत बसली होती. ती म्हणाली, "दादा, तिला पिलें व्हावयाचीं आहेत ना? मग ती दूर राहा म्हणते, तर आपण जावयाचें कशाला?"

दादाजवळ उत्तर नव्हतें. शिकारी संघाचें फर्मान आहे, एवढेंच तो पुटपुटला. मग त्यालाच आठवलें कीं श्वापद थकून लंगडूं लागलें म्हणजे सापळा मांडून, गुंगीचे गोळे फेकून तें जिवंत धरतां येतें आणि संघ तेंही काम पुरें झालें असें मानतो. त्या दिवसापासून आमच्या घरीं काळी डायाब्लोस मारली जात नाहीं. तिच्या वाटेला निघण्यापूर्वीं तो सापळ्यांचें सामान दोनदां मोजून घेतो, आणि पुतणी तिसऱ्यांदा मोजते.