गोधडीचे दोन हिशेब

रबीची सुगी आटोपली, कीं मृगापर्यंत घरोघर गोधड्या शिवल्या जातात. हल्लीं पुष्कळ गृहिणी त्या विक्रीसाठींही शिवतात, हें आम्हांस स्तुत्य वाटतें. मात्र घरची व गिऱ्हाइकाची गोधडी एकाच गाठोड्यांतून निघूं लागली, म्हणजे घोटाळा होतो. घरचीं मऊ जुनीं लुगडीं-धोतरें विक्रीच्या गोधडीच्या पोटांत जातात. त्यांची किंमत कोणी धरीत नाहीं. मागणीच्या घाईंत घरची गोधडी अर्धवट राहते. पाऊस लागल्यावर धुतलेलें कापड वाळत नाहीं, आणि म्हातारीं-पोरें फाटक्या पांघरुणावर थंडी काढतात.

सातबाऱ्यांत नमुना ७ हक्काचा, नमुना १२ पिकांचा. कागद एक, नोंदी भिन्न. तोच न्याय येथें लावावा. गाठोडीं दोन ठेवावीं. विक्रीच्या वहींत कापड, दोरा व शिवणीचे दिवस टिपून त्यांवरून किंमत ठरवावी. मजुरी न धरतां दिसणारा नफा हा नफा नव्हे. ती घरांतील बाईची वेठ होय. आठवड्याचे दोन दिवस घरच्या गोधडीस राखावे व त्या बेतानेंच गिऱ्हाइकास वायदा द्यावा.

शेतकरी बियाणें राखून मगच धान्य बाजारांत नेतो. पांघरुणास निराळा नियम कां असावा?