तुडतुडे औषधाला दाद का देत नाहीत?



‘तुडतुडे मेले नाहीत म्हणजे औषध बनावटच, मात्रा दुप्पट करा,’ असे मागील अंकातील पत्रलेखक ठामपणे सांगतात. बनावट औषधे बाजारात असतात, हे खरे. पण सगळा दोष त्यांच्याच माथी मारला की मूळ दुखणे झाकले जाते.

तपकिरी तुडतुडा भाताच्या बुंध्याशी बसून रस शोषतो. चूड करपतात, खाचरात जळल्यासारखे गोल पट्टे पडतात. जपानच्या हिवाळ्यात तो तगत नाही. तरीही दरवर्षी जून-जुलैच्या वाऱ्यांबरोबर तो दक्षिण चीन, उत्तर व्हिएतनामकडून समुद्र ओलांडून तिथे पोचतो. २००५च्या सुमारास इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाला न जुमानणारे तुडतुडे या तिन्ही देशांत आढळू लागले. एका देशात फवारणीतून वाचलेल्यांची पिल्ले दुसऱ्याच्या बांधावर उतरली! विष पचवणारी विकरे त्यांच्या शरीरात जास्त तयार होतात. अशा किडीपुढे अस्सल औषधही लंगडे पडते.

शिवाय औषधांचा मारा उलटतोही. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरची ५७ कीटकनाशके बंद केली, कारण त्यांच्यामुळे तुडतुडे खाणारे कोळीच आधी मरत होते.

आमच्या माधवनगरभोवती ऊस आणि द्राक्षे. पण याच सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याच्या भातकऱ्यांनी पत्रलेखकाचा सल्ला मानला, तर नुकसान त्यांचेच आहे. दुप्पट मात्रेने कोळी मरतील, निर्ढावलेले तुडतुडे उरतील. त्याऐवजी चूड हलवून तुडतुडे मोजावेत, युरिया आवरावा, खाचरातले पाणी अधूनमधून काढावे. फवारणी करावीच लागली तर ती बुंध्यावर, आणि पुढच्या वेळी वेगळ्या गटातल्या औषधाची.

— एक वाचक, माधवनगर (जि. सांगली)