सुरीवर नाव कुणाचं?

पोस्ट जरा लांब झाली आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या भाऊबंदातला एक मुलगा उद्यमबागेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये हातानं सुऱ्या आणि विळ्या घडवतो. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद, भट्टी, ऐरण, सगळं स्वतःचं. गिऱ्हाईक वाढलंय, त्यामुळे नोकरी सोडायचा विचार चाललाय. आता प्रत्येक पात्यावर आपली खूण ठोकायची म्हणतो, आणि ती कुठली असावी यावरून दोन महिने घरात वाद. मी बँकेत सह्या तपासण्यात उमेदीची वर्षं घालवली म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. माझं मत इथंच सगळ्यांसमोर मांडतो, म्हणजे परत परत सांगायला नको.

जरा आपल्या घरातली जुनी भांडी आठवा. पितळेच्या डब्यावर, तांब्यावर, परातीवर नाव घातलेलं असतं. कुणाचं? लग्नात ज्यानं दिलं त्याचं, नाहीतर ज्याच्या घरी गेलं त्याचं. घडवणाऱ्या तांबटाचं नाव मी आजवर एकाही भांड्यावर वाचलेलं नाही. विळीवर, कोयत्यावर तर कुणाचंच नाव नाही. आजी म्हणायची, 'ही विळी चांगल्या लोहाराची.' चांगल्या म्हणजे कुणाच्या, ते ती गेली तेव्हा तिच्याबरोबरच गेलं.

म्हणून या मुलानं खूण घालावी, हे माझं पहिलं मत. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा मिरवायचा प्रकार वाटतो, 'चार सुऱ्या केल्या आणि लगेच ब्रँड' वगैरे. मला नाही वाटत. सोनं कसोटीवर घासून बघता येतं. पोलादाला पाणी नीट दिलंय की नाही, हे दुकानात उभ्या उभ्या कुणालाही कळत नाही. सहा महिन्यांनी कळतं, जेव्हा धार टिकत नाही किंवा हाडावर आपटून टवका उडतो. त्या दिवशी बाईनं कुणाकडे जायचं? खूण म्हणजे चेकवरची सही आहे. सही केली की पैसे देणं आलं.

आता कुठली खूण? सूचनांचा पाऊस पडला. एक काका म्हणाले, शिवाजी महाराजांचं नाव दे, बेळगावात दुसरं काय शोभणार? काकांच्या भावना मला कळतात. पण १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या यादीत महात्मा गांधींच्या जोडीनं छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहे. सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्याला वापरता येत नाही. मग आत्याबाई म्हणाल्या, देवीचं नाव घाल. अहो, विळीवर आपण पाय ठेवून बसतो! त्याच पात्यावर मासळी चिरायची, मग ती मोरीत खरकट्यात पडणार. देवीला देव्हाऱ्यात राहू द्या.

गावाचं नाव घालायचं तर बेळगाव सगळ्यांचं आहे, उद्या शेजारचाही तेच ठोकेल आणि त्याला अडवता येणार नाही. आडनावाचंही तेच. पाटील, जाधव आमच्याकडे गल्लीगणिक आहेत. 'धारदार', 'उत्तम' हे गुणांचे शब्द झाले, असले शब्द ट्रेडमार्कवालेही सहसा नोंदवून घेत नाहीत.

खरी पेटली ती लिपीवरून. मराठी अक्षरच पाहिजे, नाहीतर आपण इथं राहून काय मिळवलं, असा एक पक्ष. धंदा करायचाय ना, मग इंग्रजी घाल, असा दुसरा. कन्नड घातलंस तर कटकट राहणार नाही, हे एकजण हळूच बोलला. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपल्याकडे पाटीवरचं अक्षर म्हणजे नुसतं अक्षर राहिलेलं नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मी मराठीत लिहितो, मराठीत सही करतो. पण या मुलाचं गिऱ्हाईक बघा. शनिवारच्या बाजाराला येणारी कन्नड बाई आहे, विळीला आडाळो म्हणणारा कोकणातला माणूस आहे, गोव्याची मासेवाली आहे. यांतल्या काहींना कुठलीच लिपी धड वाचता येत नाही. शिवाय ठसा जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा, आणि तो कोरायचा उलटा, आरशातल्यासारखा. एवढ्याशा जागेत आपली शिरोरेघ, वेलांटी, जोडाक्षर कोरलं की दोन-चारशे ठोक्यांनंतर सगळा गाळ भरल्यासारखा ठिपका होतो. हे मी त्याच्या शेडमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. लिपीचा मान राखायचा तर ती वाचता येईल अशा जागी लिहावी. दुकानाची पाटी आहे, बिलबुक आहे, तिथं मोठ्या अक्षरात मराठी लिही म्हणावं. पात्यावर चित्र घाल.

हे काही माझ्या डोक्यातलं नाही. जर्मनीत झोलिंगेनच्या एका कारागिरानं १३ जून १७३१ रोजी सुऱ्या करणाऱ्यांच्या संघाकडे जुळ्यांची खूण नोंदवली, मिथुन राशीचे जुळे. ती खूण आजही चालू आहे. इंग्लंडात शेफिल्डला १६२४ पासून अशा खुणा नोंदवणारी संस्था आहे. तिथल्या जोसेफ रॉजर्सच्या चाकूंवर एक तारा आणि एक क्रूस असायचा. त्यांचा माल आपल्याकडेही खूप यायचा. वाचता न येणाराही तारा बघून चाकू उचलायचा. पुढे झोलिंगेनचेच काही लोक आपल्या हलक्या मालावर शेफिल्डचं नाव ठोकू लागले आणि १८८७ साली ब्रिटिशांना माल कुठल्या देशातला ते लिहायची सक्ती करावी लागली. म्हणजे चोरी सगळीकडे होते. आपल्या तलवारींतसुद्धा परदेशी पात्यांच्या खुणा नकलून ठोकलेल्या सापडतात की.

मुलानं काढून आणलेलं पहिलं चित्र बघून मी हसलो. भाता, ऐरण, ज्वाळा, भोवती मोत्यांची वेलबुट्टी. बँकेत अशा वेलांट्यांच्या सह्या करणारे खातेदार असायचे. दुसऱ्या वेळी त्यांची त्यांनाच तशी जमायची नाही आणि चेक परत. साधी सही माणूस झोपेतही सारखी करतो. खुणेचंही तसंच. ठोकताना हात जरा तिरका पडला तरी ओळखू आली पाहिजे. आणि माझी मुख्य अट वेगळीच होती: ती खूण तोंडानं सांगता आली पाहिजे. शेजारीण शेजारणीला काय म्हणणार? 'ती गोल, मध्ये आडव्या रेघा, बाजूला काहीतरी वेल असलेली सुरी आण'? कोण आणणार?

शेडवर चिंचेचं जुनं झाड आहे. खाली सगळीकडे चिंचोके. मी म्हटलं, हाच घे. चौकोनी-गोलसर आकार, आत एक वळलेली रेघ, बस्स. 'चिंचोक्याची विळी' म्हटलं की कळलं. कन्नड बाई हुणसे बीज म्हणेल, तरी चित्र तेच. मुलाला पटलं. आत्याबाईंना अजून नाही, चिंचोक्यात कसली आलीय शोभा म्हणतात.

ठोकायची वेळ मात्र चुकवू नकोस, असं त्याला त्याच्या लोहार गुरूनं बजावलंय. ठसा पाणी द्यायच्या आधी ठोकायचा. नंतर पोलाद काचेसारखं होतं, ठसा तरी तुटतो नाहीतर पातं तडकतं. आणि मुठीजवळच ठोकायचा, कारण धार लावून लावून पातं वर्षानुवर्षं झिजत जातं. मिठाचं पाणी आणि थोडी वीज लावूनही खूण उमटवता येते, सुबक दिसते, पण ती उथळ. रोज तारेच्या घासणीनं घासलेल्या सुरीवर ती किती टिकेल याची मला शंका आहे.

नोंदणी मी करायला लावणार आहे. हत्यारं आणि सुऱ्या आठव्या वर्गात येतात, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला ४,५०० रुपये फी, दहा वर्षांनी नूतनीकरण. नोंदणी मिळेपर्यंत गोलातला आर लावायचा नाही, हेही सांगितलंय.

अर्ज करण्याआधी एक काम तुमच्याकडे आहे. सरकारी यादी आम्ही शोधतोच, पण जुन्या लोहारांच्या खुणा कुठल्याच यादीत नसतात. तुमच्या घरात जुनी विळी, अडकित्ता, कोयता असेल तर मुठीजवळ जरा घासून बघा. ठिपके, फूल, चंद्र, काहीही असेल तर फोटो टाका आणि कुठल्या गावाचा ते लिहा. चिंचोका कुणाचा आधीच असेल तर आम्ही दुसरं काही शोधू.