कुसळं, लोकर आणि अप्पांची हॅट

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी सहावीत असताना आमच्या अप्पांची हॅट बिघडवली. मुद्दाम नाही हं! चांगलं करायला गेले आणि भलतंच होऊन बसलं.

अप्पा म्हणजे माझे आजोबा. आम्ही बिबवेवाडीत राहायचो. तेव्हा आजच्यासारख्या उंच इमारती तिथे नव्हत्या. गच्चीवर गेलं की तळजाईची टेकडी दिसायची. अप्पा रोज पहाटे टेकडीवर फिरायला जात. अंगात पांढरा सदरा, हातात काठी आणि डोक्यावर तपकिरी रंगाची फेल्टची हॅट! त्यांचे मित्र काळी टोपी नाहीतर गांधी टोपी घालणारे. ते चिडवायचे, "काय साहेब, विलायतेहून कधी आलात?" अप्पा नुसते हसायचे.

त्या हसण्यामागे एक गोष्ट होती. अप्पा मूळचे खेड तालुक्यातले. खेड म्हणजे हुतात्मा राजगुरूंचं गाव. म्हणून तर त्याचं नाव आता राजगुरुनगर आहे. डिसेंबर १९२८ मध्ये लाहोरला साँडर्सचा वध झाला आणि पोलीस भगतसिंग, राजगुरू यांच्या मागावर निघाले. स्टेशनावर पहारा होता. पोलिसांची नजर दाढी आणि पगडीवाल्या शीख तरुणाला शोधत होती. तेवढ्यात एक ऐटबाज साहेब आला. अंगात ओव्हरकोट, डोक्यावर फेल्ट हॅट, बरोबर बायको, लहान मूल आणि सामान उचलणारा नोकर. हे कुटुंब पोलिसांच्या डोळ्यांदेखत गाडीत बसलं आणि लाहोरबाहेर पडलं! तो साहेब म्हणजे केस कापलेले भगतसिंग. त्यांच्या पत्नीचं सोंग घेतलं होतं दुर्गाभाभींनी, कडेवर त्यांचाच मुलगा होता. आणि नोकर? तो होता आपला राजगुरू! पुढे एप्रिल १९२९ मध्ये भगतसिंगांनी दिल्लीत हॅट घालून काढून घेतलेला फोटो तर तुम्ही सगळ्यांनीच पाहिला असेल.

अप्पा म्हणायचे, "लोकांना वाटतं मी साहेबाची नक्कल करतो. अरे, साहेबाची खरी नक्कल कुणी केली ते मला ठाऊक आहे!" पहिल्या पगारातून त्यांनी ती हॅट घेतली होती आणि जिवापाड जपली होती.

तर अशा हॅटवर माझी नजर गेली. अप्पांचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला होता. हॅटवर धूळ होती, घामाचे डाग होते. म्हटलं, चकाचक धुऊन ठेवू या, अप्पा खूश होतील. ते दुपारी झोपलेले पाहून मी बंबातलं कढत पाणी बादलीत घेतलं, त्यात धुण्याचा साबण किसून टाकला आणि हॅट बुडवून ब्रशनं खसाखसा घासली. घासघास घासली!

बाहेर काढली तर काय? हॅटची झाली होती वाटी! कड वाकडीतिकडी, आतली चामड्याची पट्टी आक्रसलेली आणि माप इतकं लहान, की अप्पांच्या डोक्यावर ती नुसती ठेवता आली असती, घालता आली नसती. मी ओढली, ताणली, दगड भरून वाळत घातली. काही उपयोग नाही. मग मी चक्क भोकाड पसरलं.

अप्पा उठून आले. त्यांनी हॅट हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. ते गप्प राहणं मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर टेकडीवर चल. मोजे घालून ये."

मोजे कशाला? दुसऱ्या दिवशी कळलं. दिवाळी नुकतीच झाली होती, टेकडीवरचं गवत वाळलं होतं. अप्पांनी मला मुद्दाम त्या गवतातून चालवलं. पाच मिनिटांत मोज्यांत ही कुसळं घुसली! "आता एक कुसळ उपट बरं," अप्पा म्हणाले. मी मागे ओढलं तर ते अडकून बसलं. पुढे ढकललं तर सुळकन आत शिरलं. चालत राहिलं की प्रत्येक पावलागणिक आणखी आत!

"का होतं असं?" अप्पा शाळेत विज्ञान शिकवत. विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत. कुसळाच्या टोकाकडे बारीक केस असतात आणि ते सगळे एकाच दिशेला झुकलेले असतात. म्हणून कुसळ पुढे सरकतं, मागे येत नाही.

लोकरीचा धागासुद्धा अगदी असाच असतो, दोस्तांनो. सूक्ष्मदर्शकाखाली मेंढीचा केस पाहिला तर त्यावर कौलांसारखे एकावर एक खवले दिसतात. त्यांची टोकं एकाच दिशेला. गरम पाणी आणि साबण यांनी केस ओला, मऊ आणि निसरडा होतो. मग वरून चोळलं, दाबलं की प्रत्येक केस आपल्या मुळाच्या दिशेनं थोडा थोडा सरकतो. मागे येऊ पाहिला तर शेजारच्या केसांच्या खवल्यांत अडकतो. असे लाखो केस एकमेकांत घुसत जातात आणि घट्ट जाड कापड तयार होतं. त्याला ना माग लागतो, ना टाका, ना गाठ! हेच फेल्ट. काश्मीरमध्ये आणि राजस्थानातल्या टोंकमध्ये याच रीतीनं 'नमदा' बनवतात.

आता माझी चूक तुमच्या लक्षात आली? गरम पाणी, साबण आणि घासणं. फेल्ट बनवण्याच्या तिन्ही गोष्टी मी पुरवल्या होत्या. तयार फेल्टचं मी आणखी घट्ट फेल्ट करून टाकलं! आणि कुसळासारखंच, आत घुसलेले केस पुन्हा मागे येत नाहीत. स्वेटर गरम पाण्यात धुतला की बाहुलीच्या मापाचा होतो, तोही यामुळेच. सुती कापूस मात्र असा जमत नाही, कारण कापसाच्या तंतूवर खवलेच नसतात.

"म्हणजे ती पूर्वीसारखी होणारच नाही?" मी रडवेली होऊन विचारलं.

"पूर्वीसारखी नाही," अप्पा म्हणाले. "पण नीट होईल."

हे दोन शब्द वेगळे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर त्यांनी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. हॅट वाफेवर धरली की फेल्ट मऊ पडे. मग ते ती पितळेच्या पालथ्या तांब्यावर बसवून तळव्यानं खाली ओढत. पुन्हा वाफ, पुन्हा ओढणं. हॅट बनवणारे कारागीर हेच लाकडी साच्यावर करतात. जुने लोक अशा साच्याला 'कालबूत' म्हणत. चांभाराचं कालबूत पायाच्या आकाराचं, टोपीवाल्याचं डोक्याच्या! आमचं कालबूत म्हणजे तांब्या. तासाभरानं वाटीची पुन्हा हॅट झाली. डोक्यावरचा खळगा अप्पांनी बोटांनी दाबून काढला. कड आईनं ओला रुमाल ठेवून हलकी इस्त्री करून सरळ केली. मग हॅट उलटी, म्हणजे डोकं खाली आणि कड वर, अशी सावलीत वाळत ठेवली. कडेवर ठेवली तर कड चपटी होते, लक्षात ठेवा.

कारखान्यातही मूळ कृती हीच असते. आधी केसांचा मोठा, सैल, शंकूच्या आकाराचा गोळा करतात. तो हॅटपेक्षा कितीतरी मोठा असतो. गरम पाण्यात दाबून दाबून तो आटवतात, मग वाफेनं साच्यावर बसवतात. हॅट ताठ राहावी म्हणून पूर्वी तिला लाखेचं पाणी देत. ही लाख म्हणजे एका किड्यानं झाडाच्या फांदीवर बनवलेला पदार्थ. ती येते प्रामुख्यानं आपल्या देशातून, आज सर्वांत जास्त झारखंडमधून. म्हणजे साहेबाच्या हॅटचा ताठा मूळचा आपल्याकडचा!

पण या धंद्याची एक दुःखद बाजूही आहे. उत्तम हॅट बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या मऊ केसांपासून बने. त्यासाठी इतकी शिकार झाली, की युरोपात बीव्हर जवळजवळ संपले. मग कारखानदार सशाच्या केसांकडे वळले. पण ते केस नीट एकमेकांत अडकत नाहीत. म्हणून ते खरखरीत करायला पाऱ्याचं एक संयुग वापरायला लागले. बंद खोलीत, वाफेत, पाऱ्याची विषारी हवा श्वासावाटे कामगारांच्या शरीरात जाई. त्यांचे हात थरथरत, बोलणं अडखळे, स्वभाव भित्रा आणि चिडका होई. लोक त्यांना वेडे म्हणून हसत. इंग्रजीत तर 'टोपीवाल्यासारखा वेडा' अशी म्हणच पडली. १८६५ मध्ये आलेल्या 'अॅलिस'च्या पुस्तकातला विक्षिप्त टोपीवाला तुम्हांला आठवत असेल. अमेरिकेत हॅटच्या धंद्यातला पारा थांबायला १९४१ साल उजाडलं. तेव्हा घरात जुना थर्मामीटर फुटला आणि चकचकीत गोळ्या दिसल्या, तर त्यांच्याशी खेळू नका. लगेच मोठ्यांना सांगा.

आता आपल्या लोकरीकडे येऊ. दिवाळीनंतर पुण्याच्या आसपास मेंढ्यांचे कळप आणि धनगरांचे वाडे दिसतात ना? त्या आपल्या दख्खनी मेंढ्या. त्यांची लोकर भरड, काळीपांढरी आणि चिवट. तिची घोंगडी विणतात, तिला चिंचोक्यांची खळ देतात. पावसात, थंडीत मेंढपाळाला तिचाच आधार. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर पिंजारी कारागीर याच लोकरीचं न विणता 'जेन' बनवत आले आहेत. म्हणजे आपलं मराठी फेल्टच! पण आज घोंगड्यांना गिऱ्हाईक कमी, जेन करणारे हात तर मोजकेच. मग कातरलेल्या लोकरीला भाव मिळत नाही. कित्येकदा कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही आणि मेंढपाळ ती लोकर तशीच टाकून देतात. आणि आपण? आपण दुकानातून प्लॅस्टिकच्या धाग्याचे स्वेटर आणतो आणि त्यालाच लोकर म्हणतो!

म्हणून या आठवड्याचा उद्योग असा:

कळपाशी मेंढपाळकाका दिसले, तर आईबाबांबरोबर जाऊन त्यांना नमस्कार करा आणि दोन मुठी लोकर विकत मागा. फुकट नको हं! ती साध्या पाण्यात धुऊन वाळवा आणि जुन्या कंगव्यानं विंचरा. पाटावर पातळ थर पसरा. दुसरा थर त्यावर आडवा, तिसरा पुन्हा उभा. वर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवा. हाताला सोसेल इतकंच गरम साबणाचं पाणी शिंपडा आणि तळव्यानं गोल गोल, आधी हळू, मग जोरात चोळा. दहा-पंधरा मिनिटांनी थर एकजीव झाले की चटईत गुंडाळून लाटण्यासारखं लाटा. साबण धुऊन काढा आणि ओलं असतानाच पालथ्या वाटीवर ओढून दोऱ्यानं बांधा. वाळलं की बाहुलीची टोपी तयार! पहिल्यांदा ती वाकडी होईल. होऊ द्या.

दुकानातली लोकर घेतलीत आणि कितीही चोळून जमली नाही, तर ती बहुधा प्लॅस्टिकची असेल. मोठ्यांना चिमट्यात धरून एक धागा जाळायला सांगा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, खोटी वितळून तिचा कडक मणी होतो.

आता अप्पांच्या हॅटचं पुढे काय झालं, ते सांगते. वाढदिवसाच्या दिवशी त्यांनी ती डोक्यावर ठेवून पाहिली. वाफेनं ती थोडी मोठी झाली होती, पण त्यांना बसली नाही ती नाहीच. मी मान खाली घातली. तेवढ्यात त्यांनी ती माझ्या डोक्यावर चढवली. अगदी मापात बसली!

"बघ," ते म्हणाले, "तुझ्या मापाची करून घेतलीस की!"

त्यानंतर अप्पा उघड्या डोक्यानं टेकडीवर जात आणि हॅट घालून मी. "आज साहेब कोण?" असं मित्रांनी विचारलं की ते माझ्याकडे बोट दाखवत.

ती हॅट आजही माझ्याकडे आहे. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा उन्हात धरते आणि मऊ ब्रशनं एकाच दिशेनं झाडते. पाणी मात्र लावत नाही!

तुमच्या घरातही माळ्यावर अशी एखादी टोपी, पगडी, घोंगडी असेल. ती कुणाची होती, कुठून आली, एवढं आज आजी-आजोबांना विचारा. आणि धुवायची असेल, तर त्याआधी विचारा. मला काय कळलं ते पत्रानं कळवायला विसरू नका.