लोहचुंबक आणि शेतकऱ्याची कसोटी

दोऱ्यास लोहचुंबक बांधून तो मांजरेच्या कोरड्या वाळूंतून ओढला असतां बारीक काळे कण त्यास चिकटून येतात. हे कण आपल्या काळ्या पाषाणांतून झिजून आलेले आहेत. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारस थिजून हा पाषाण बनला, तेव्हां पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्यांत उमटून राहिली. इ. स. १९५० नंतरच्या दशकांत ती मोजली गेली, आणि आपली दख्खनची भूमि त्या काळीं विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती असें ठरलें.

अशा पदार्थाचें नवल वाटावें हें साहजिक आहे. परंतु नवल वाटणें निराळें व विश्वास टाकणें निराळें. लसूण चोळल्यानें चुंबकाची शक्ति नष्ट होते असें युरोपांत कित्येक शतकें मानीत. डेला पोर्ता ह्या इटालियन पंडितानें तें करून पाहिलें व इ. स. १५८९ मध्यें तें खोटें असल्याचें लिहिलें. पुढें इ. स. १६०० मध्यें विल्यम गिल्बर्ट ह्या इंग्रज वैद्यानें पृथ्वी हाच एक मोठा लोहचुंबक आहे असें प्रतिपादन केलें, तेंही प्रयोगांच्या आधारानेंच.

आपल्या प्रांतांतही हीच शिस्त दिसून येते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत इ. स. १८४१ पासून चुंबकत्वाचीं मापें घेतलीं जात. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार व त्यामुळें मापें बिघडणार असें दिसतांच मूससाहेबांच्या कारकीर्दींत हें काम इ. स. १९०४ मध्यें अलिबागेस नेलें. मात्र जुन्या व नव्या मापांचा मेळ बसावा म्हणून इ. स. १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं वेध घेतले. दोन गोष्टी शेजारीं ठेवून ताडून पाहण्याची ही रीत शेतकऱ्यानें अवश्य उचलावी.

कारण आज नळास चुंबक बांधला म्हणजे खारें पाणी गोडें होतें व पीक वाढतें, असें सांगून यंत्रें विकलीं जातात. इ. स. २०१६ मध्यें आपल्या तालुक्यांतील मांजरा धरण आटलें आणि लातुरास रेल्वेनें पाणी न्यावें लागलें. अशा मुलखांत पाण्याच्या नांवानें कोणीही कांहीं सांगावें व गांजलेल्या माणसानें कर्ज काढून तें घ्यावें, असा प्रसंग सहज येतो.

आमचें मत स्पष्ट आहे. चुंबक लोखंड ओढतो. पाण्यांत विरघळलेले क्षार तो बाहेर काढीत नाहीं. यंत्रापूर्वीचें व यंत्रानंतरचें पाणी दोन बाटल्यांत भरून प्रयोगशाळेंत द्यावें; क्षारांचें माप तेंच आलें तर गोडेपणाचा दावा तेथेंच संपला. पीकवाढीविषयीं मात्र प्रसिद्ध झालेले प्रयोग एकमेकांशीं जुळत नाहींत, कांहींत गुण दिसला, कांहींत दिसला नाहीं. म्हणून त्यास आम्ही दार लावून घेत नाहीं. एकाच शेतांत, एकाच बियाण्याच्या, सारख्या पाण्याच्या पट्ट्या आळीपाळीनें चुंबकासह व चुंबकाविना ठेवाव्या, आणि निदान तीन हंगाम उत्पन्न वजन करून मांडावें.

हें एकट्या शेतकऱ्यास महाग पडेल; मंडळास पडणार नाहीं. सभासदांनीं पैसे गुंतविण्यापूर्वीं मंडळानेंच हा प्रयोग करावा, आणि निकाल कोणताही लागो, तो आंकड्यांसह ह्याच मासिकांत छापावा. दावा विक्रेत्यानें खुशाल करावा. तराजू आपल्या हातांत असावा.