शेवटचा भाषक आणि त्याच्यासमोर बसलेला मुलगा

१/ २७ डिसेंबर १९७४ रोजी आइल ऑफ मॅन या बेटावर नेड मॅड्रेल या वृद्ध मच्छीमाराचे निधन झाले. वय ९७. मँक्स भाषा बालपणी घरातच आत्मसात केलेला तो अखेरचा मनुष्य. या भाषेची कथा सांगणारे बहुधा इथेच पूर्णविराम देतात. तो पूर्णविराम चुकीचा आहे असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी आज एका शिक्षकाचे स्मरण करू : ब्रायन स्टोवेल.

२/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. आइल ऑफ मॅन हे ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधील समुद्रातले बेट. क्षेत्रफळ सुमारे ५७२ चौरस किलोमीटर. ते ब्रिटिश राजमुकुटाच्या अधीन आहे, परंतु युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्याचे स्वतःचे प्राचीन विधिमंडळ आहे. त्याचे नाव टिनवाल्ड. मँक्स ही गेलिक कुळातली भाषा. आयरिश आणि स्कॉटिश गेलिक या तिच्या सख्ख्या बहिणी.

३/ १९०१ च्या जनगणनेत ४,४१९ लोकांनी आपल्याला मँक्स येते असे नोंदवले. वीस वर्षांनी हा आकडा हजाराच्या आत आला. कोणी तलवार उपसली नव्हती. व्यापार इंग्रजीत, शाळा इंग्रजीत आणि उन्हाळ्यात येणारे पर्यटकही इंग्रजी बोलणारे. मँक्स बोलून एक पेनीसुद्धा मिळायची नाही, अशी बेटावर म्हणच पडली होती. आईबापांनी हिशेब केला आणि मुलांशी इंग्रजी बोलू लागले.

४/ मॅड्रेल या हिशेबातून सुटला तो एका योगायोगाने. त्याचे बालपण क्रेगनीश या खेड्यात एका वृद्ध नातलग स्त्रीच्या घरी गेले. तिला इंग्रजी फारसे येत नव्हते, त्यामुळे पोराला मँक्स बोलणे भागच होते. भाषा टिकण्याची कारणे कधी कधी अशी साधी, घरगुती असतात. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांना कमी लेखू नये.

५/ १९४७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा यांनी बेटाला भेट दिली. पुढच्याच वर्षी आयरिश लोकसाहित्य आयोगाने ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन आपला माणूस तिथे धाडला. मॅड्रेल आणि इतर वृद्धांचे आवाज तबकड्यांवर उतरले. पाठोपाठ बेटावरच्या भाषाप्रेमी तरुणांनी स्वतः यंत्र मिळवून मुद्रणे सुरू केली. यातला फरक लक्षात घ्या. आयोगाला नमुना जतन करायचा होता. या तरुणांना ती भाषा बोलायची होती.

६/ या तरुणांच्या मेळाव्यात १९५० च्या दशकात एक शाळकरी मुलगा सामील झाला. ब्रायन स्टोवेलचा जन्म १९३६ चा, राजधानी डग्लसमधला. डग फार्गर या भाषाकार्यकर्त्याचा मँक्सच्या अवस्थेवरचा एक लेख त्याच्या वाचनात आला आणि त्याचा मार्ग ठरला. तो ज्येष्ठ शिकाऊंच्या संगतीत भाषा शिकला आणि वृद्ध भाषकांच्या तोंडून ऐकत गेला. मॅड्रेलही या तरुणांना आनंदाने शिकवत असे.

७/ आता पहिल्या पोस्टमधली तारीख पुन्हा आठवा. १९७४ मध्ये मँक्स ‘मरण पावली’, तेव्हा स्टोवेल ३८ वर्षांचे होते आणि जवळपास दोन दशके मँक्स बोलत होते. त्यांच्यासारखे आणखीही काही जण होते. म्हणजे जुन्या आणि नव्या भाषकांचे आयुष्य एकमेकांवर पडलेले आहे. साखळी अतिशय बारीक झाली होती, पण तुटली नव्हती.

८/ स्टोवेल पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. लिव्हरपूलमध्ये त्यांनी बरीच वर्षे हा विषय शिकवला. तिथेच ते आयरिशही शिकले. मग आयर्लंडमधल्या एका लोकप्रिय आयरिश संभाषण-पाठमालेचे त्यांनी मँक्स रूपांतर केले. शिकाऊंना चांगले पाठ्यपुस्तक नाही, ही अडचण त्यांनी शेजारणीच्या घरून विरजण आणून सोडवली. फार्गर यांचा इंग्रजी-मँक्स शब्दकोश १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या संपादनातही स्टोवेल यांचा हात होता.

९/ लेखक म्हणून त्यांची दोन कामे विशेष. १९९० मध्ये त्यांनी ‘अॅलिस इन वंडरलँड’ मँक्समध्ये आणले. २००६ मध्ये त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली. ती मँक्समधली पहिली पूर्ण लांबीची कादंबरी मानली जाते. तिचा विषय रक्तपिपासू व्हॅम्पायरने केलेले खून! मृत ठरवलेल्या भाषेची पहिली कादंबरी, आणि पात्रे मेल्यावरही उठून फिरणारी. या माणसाला विनोदाचे अंग होते.

१०/ तथापि त्यांचे खरे कार्य शाळेतले. १९९१ मध्ये ते बेटावर परतले आणि पहिले मँक्स भाषा अधिकारी झाले. १९९२ पासून सरकारी शाळांत मँक्सचे ऐच्छिक तास सुरू झाले. वेळ थोडा, शिकवणारे मोजके आणि मागणी अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक. फिरत्या शिक्षकांनी शाळाशाळांत जाऊन ती भागवली. शतकापूर्वी जी भाषा वर्गाच्या दाराबाहेर राहिली होती, ती आता वेळापत्रकात आली.

११/ २००१ मध्ये संपूर्णपणे मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. पहिल्या वर्गातली मुले हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती. पुढे ती सेंट जॉन्स या गावी स्थिरावली. याच गावी टिनवाल्डची पुरातन टेकडी आहे. २०११ च्या जनगणनेत मँक्सचे थोडेफार तरी ज्ञान असलेल्यांची संख्या १,८२३ भरली. शिवाय घरातच मँक्स ऐकत वाढणारी मुले पुन्हा दिसू लागली.

१२/ आणि तरीही २००९ मध्ये युनेस्कोने संकटग्रस्त भाषांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात मँक्स ‘नामशेष’ ठरली होती. तेव्हा या शाळेतल्या मुलांनी युनेस्कोला मँक्समध्ये पत्रे लिहिली. आमची भाषा नामशेष असेल, तर हे पत्र कोणत्या भाषेत आहे, असा त्यांचा सवाल होता. युनेस्कोने वर्गवारी बदलली. मॅड्रेलच्या मृत्यूशी कथा संपवण्याची सवय किती खोल गेली होती, याचा हा पुरावा आहे.

१३/ यावर एक रास्त आक्षेप आहे. आजची मँक्स ही पुस्तकातून शिकलेली, आयरिशचे शब्द घेतलेली भाषा. मॅड्रेलची भाषा ती नव्हे. खरे आहे. उच्चार बदलले, वाक्यरचना बदलली, नवे शब्द घडवावे लागले. परंतु न बदललेली भाषा मला एक तरी दाखवा! आपण तेराव्या शतकातले मराठी गद्य आज टिपांवाचून वाचू शकत नाही. म्हणून मराठी मेली असे कोणी म्हणत नाही. बदलाचा वेग निराळा असेल, प्रकार तोच.

१४/ दुसरी मर्यादाही प्रामाणिकपणे सांगतो. हे सर्वत्र जमत नाही. २०१० मध्ये अंदमानात बोआ सीनियर या वृद्धेचे निधन झाले, तेव्हा आका-बो भाषा बोलणारे दुसरे कोणीच उरले नाही. तिची मुद्रणे आहेत, पण शिकणाऱ्यांची पिढी नाही. मँक्सपाशी स्वतःचे विधिमंडळ होते, सरकारी पैसा होता, सुस्थितीतला समाज होता. केवळ प्रेमाने भाषा जगत नाही. वेळापत्रक आणि वेतनही लागते. स्टोवेल यांना ते मिळाले आणि त्यांनी त्याचे चीज केले.

१५/ म्हणून माझे म्हणणे एवढेच. ‘शेवटचा भाषक’, ‘शेवटचा कारागीर’, ‘शेवटचा शाहीर’ अशी वाक्ये वाचली की आपले मन हळहळते आणि तिथेच थांबते. हळहळ सोपी असते, कारण तिच्यानंतर काही करावे लागत नाही. अभ्यासकाने पुढचा प्रश्न विचारावा : त्या वृद्धासमोर शिकायला कोण बसले होते? कोणी बसले नसेल, तर का नाही? या दुसऱ्या प्रश्नात शाळा, पैसा, लाज आणि राज्यसत्ता असा सारा इतिहास दडलेला असतो.

१६/ ब्रायन स्टोवेल १८ जानेवारी २०१९ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी वारले. मॅड्रेल गेला तेव्हा बेटावर मँक्स बोलणारी मुले नव्हती. स्टोवेल गेले तेव्हा मँक्समधून गणित शिकणारी, भांडणारी, खोड्या काढणारी मुले एका शाळेत होती. मँक्सचा इतिहास लिहायचा झाल्यास या दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहाव्यात.